दाढेची भीती आणि झोपेची गोळी



महाशिवरात्र जवळ आली की मार्कंड्याच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. वैनगंगेच्या काठावरील या देवळांना आपल्याकडे विदर्भाची काशी म्हणतात. नातवाचा हात धरून नदीच्या पाण्यापर्यंत उतरणारी वृद्ध मंडळी त्या दिवसांत जागोजागी दिसतात. याच परिसरात मी गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. जत्रेच्या सुमारास दवाखान्यात येणारी दुखणी ठरलेली असतात: जुलाब, खोकला, पायाचे फोड, संपलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि दरवर्षी न चुकता येतात ते काही सुजलेले गाल. किडलेली दाढ महिनोन्‌महिने लवंगेवर आणि वेदनाशामक गोळ्यांवर ढकलत आणलेली असते. 'दाढ काढून का घेतली नाही?' असे विचारले की, पैसे नव्हते किंवा वेळ मिळाला नाही, अशी उत्तरे येतात. जरा थांबून पुन्हा विचारले की खरे उत्तर बाहेर पडते, ते म्हणजे भीती.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी माझ्याकडे आल्या. खालची दाढ पूर्ण किडली होती आणि हिरडीत पू झाला होता. लहानपणी एका जत्रेत कुणीतरी भूल न देता त्यांची दाढ उपटली होती. ती आठवण साठ-सत्तर वर्षांनंतरही ताजी होती. त्या म्हणाल्या, "साहेब, दुखन्याचा नाही, त्या खुर्चीचाच भेव वाटते जी." संसर्ग कमी होण्यासाठी मी औषध दिले, तालुक्यातील दंतवैद्यांकडे जाण्यास सांगितले आणि त्यांच्या मुलाच्या आग्रहावरून जाण्यापूर्वी घेण्यासाठी एक डायझेपामची गोळीही लिहून दिली. आजी शांतपणे खुर्चीत बसल्या. दाढ निघाली. मुलगा आणि नातू यांनी त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घरी आणले. सगळ्यांना हायसे वाटले.

त्या रात्री दोनच्या सुमारास आजी लघवीसाठी एकट्या उठल्या, अंगणाच्या उंबऱ्याशी तोल जाऊन पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. नंतर कळले की, दुसऱ्या एका डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेली झोपेची गोळी त्या रोज रात्री घेत असत. त्या रात्रीही त्यांनी ती घेतली होती. मी ते विचारले नव्हते. रात्री त्यांना एकटे उठू देऊ नका, हेही घरच्यांना सांगितले नव्हते. दंतवैद्यांचे काम चोख होते. चूक माझी होती. शस्त्रक्रियेनंतर आजी वॉकर धरून घरात फिरू लागल्या, पण नदीपर्यंत त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनीच माझी समजूत काढली. म्हणाल्या, "दाढ तर नाही ना दुखली जी." ते वाक्य मला अजूनही ऐकू येते, आणि आजचे हे लिखाण त्याच्यामुळेच आहे.

भीती हा थिल्लर विषय नाही

दंतचिकित्सेच्या भीतीला हसण्याची आपल्याकडे रीत आहे. तसे करू नये. वेदनाशून्य शस्त्रक्रियेच्या आरंभात दंतवैद्यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १८४६ मध्ये, विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग करून दाखविला. दातांच्या दुखण्याने आणि भयाने माणूस किती हवालदिल होतो, हे रोज पाहणाऱ्यांनीच भुलेचा शोध घ्यावा, यात नवल नाही.

वृद्ध माणसात ही भीती केवळ मनाची राहत नाही. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन वाढते, नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो. ज्यांच्या हृदयाला आधीच रक्तपुरवठा कमी आहे, त्यांना हा ताण धोक्याचा ठरू शकतो. भीतीपोटी उपचार टाळले तर नुकसान आणखी वाढते. चावता येत नाही म्हणून आहार पातळ आणि निकस होतो, हिरड्यांच्या संसर्गामुळे मधुमेह आटोक्यात राहत नाही. शिवाय पू झालेल्या जागी भुलेचे इंजेक्शन नीट काम करत नाही. म्हणजे जो दुखण्याच्या भयाने थांबतो, त्यालाच पुढे जास्त दुखण्याचा संभव असतो. म्हणून भीतीवर उपाय हवाच. प्रश्न एवढाच की, कोणता उपाय, कोणाच्या हातून आणि किती वेळ देखरेख ठेवून.

गोळी नेमके काय करते

डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, मिडाझोलाम ही सारी एकाच कुळातील शामक औषधे. मेंदूतील उत्तेजना कमी करणाऱ्या नैसर्गिक रसायनाचा प्रभाव ती वाढवितात. त्यामुळे भय ओसरते, स्नायू सैल पडतात, झोप येते आणि त्या वेळच्या घटनांची आठवण पुसट होते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ही औषधे वेदना थांबवीत नाहीत. वेदना थांबते ती हिरडीत दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनाने. गोळी घेतली म्हणून इंजेक्शन टळत नाही.

तरुण शरीरात हे औषध येते आणि ठरलेल्या वेळात निघून जाते. उतारवयात हिशेब बदलतो. यकृताचे काम मंदावते, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढल्याने तिच्यात औषध साठून राहते आणि मेंदूही त्याला अधिक संवेदनशील होतो. विशीतील माणसाच्या शरीरातील डायझेपामचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे २० तास लागतात. ऐंशीच्या घरात त्यासाठी सुमारे ९० तास लागतात, म्हणजे जवळजवळ चार दिवस. अल्प्राझोलामलाही निरोगी तरुणात सुमारे ११ तास, तर वृद्धात सुमारे १६ तास लागतात. दाढ काढण्याचे काम अर्ध्या तासात संपते, गोळीचे काम मात्र त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही चालू असते. आजींच्या बाबतीत मी अर्ध्या तासाचा विचार केला आणि रात्रीचा केला नाही.

या औषधांनी वृद्धांमध्ये तोल जाणे, पडणे, हाड मोडणे आणि अचानक भ्रम होणे यांचे प्रमाण वाढते. म्हणूनच वृद्धांसाठी जपून वापरावयाच्या किंवा टाळावयाच्या औषधांच्या 'बीअर्स निकष' या यादीत या कुळाचा समावेश आहे. काही वृद्धांत परिणाम उलटाच होतो: शांत होण्याऐवजी ते बेचैन होतात, बडबडतात, खुर्चीतून उठू पाहतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांत हे विशेष संभवते.

दंतचिकित्सेत आणखी एक अडचण आहे. काम तोंडात चालते आणि श्वासही त्याच वाटेने जातो. गुंगी वाढली की जीभ मागे ढळते, घशातील पाणी किंवा रक्त खोकून बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. जे रात्री मोठ्याने घोरतात आणि घोरता घोरता ज्यांचा श्वास अडतो, ज्यांना जुना दमा किंवा फुप्फुसांचा विकार आहे, त्यांनी हे आधी सांगितलेच पाहिजे. आपल्या भागात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वर्षानुवर्षे खर्रा खाल्ल्याने गालाच्या आतील त्वचा ताठर होते आणि तोंड पुरेसे उघडत नाही. अशा रुग्णाचा श्वास अडखळला तर मदत करणेही अवघड जाते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर ते दंतवैद्यांना अवश्य सांगावे.

आधी गोळीवाचूनचे उपाय

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. वय बहात्तर. खुर्चीत बसले की त्यांचा रक्तदाब इतका चढे की, दंतवैद्यांनी शहाणपणाने त्यांना दोनदा परत पाठविले. ते माझ्याकडे आले ते शेजाऱ्याने सुचविलेल्या गोळीचे नाव चिठ्ठीवर लिहूनच. मला आजींची आठवण झाली. आम्ही दंतवैद्यांशी बोलून वेगळा मार्ग ठरविला. पहिल्या दिवशी गुरुजी फक्त जाऊन बसले, साधने पाहिली, प्रश्न विचारले आणि परत आले. दुसऱ्या खेपेस सकाळची पहिली वेळ घेतली, म्हणजे ताटकळत बसून दुसऱ्याचे कण्हणे ऐकावे लागू नये. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली होती. हिरडीवर आधी बधिर करणारे मलम लावून मग इंजेक्शन सावकाश दिले. डावा हात वर केला की काम थांबवायचे, असा करार झाला होता. गुरुजींनी तीन वेळा हात वर केला, तिन्ही वेळा काम थांबले. चौथ्यांदा हात वर करण्याची गरजच पडली नाही. मुलगी शेजारी उभी होती. तिसऱ्या खेपेस दाढ निघाली, कोणत्याही गोळीवाचून.

अनेकांचे काम एवढ्यावरच भागते. कारण भीतीचा मोठा भाग 'आता काय होणार' आणि 'थांबवायला सांगितले तर थांबतील का' या दोन प्रश्नांत दडलेला असतो.

भीती किती आहे, हे मोजताही येते. १९९५ पासून दंतवैद्यकात पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरली जाते. उद्या दंतवैद्यांकडे जायचे असेल तर कसे वाटेल? बाहेर बाकावर बसून वाट पाहताना? दात कोरण्याचे यंत्र लावण्याच्या वेळी? दातांची सफाई करताना? हिरडीत इंजेक्शन देताना? प्रत्येक उत्तराला 'मुळीच भीती नाही' यासाठी एक गुण, तर 'अत्यंत भीती' यासाठी पाच. बेरीज १९ किंवा अधिक आली तर भीती तीव्र समजतात. घरी बसून ही बेरीज करावी आणि आकडा दंतवैद्यांना सांगावा. 'मला भीती वाटते' हे म्हणणे ज्यांना जड जाते, त्यांना आकडा सांगणे सोपे जाते.

गुंगी लागलीच तर

काहींना एवढ्याने भागत नाही. भय फार खोल असते, एकाच बैठकीत अनेक दात काढायचे असतात, कंपवाताने मान स्थिर राहत नाही किंवा समजावून सांगितलेले लक्षात राहत नाही. अशांना शामक औषधाचा आधार घेण्यात कमीपणा नाही. त्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग तोंडाने घेण्याच्या गोळीचा. तो सोपा दिसतो, पण पोटात गेलेली गोळी किती आणि केव्हा चढेल, हे नेमके सांगता येत नाही आणि ती परतही घेता येत नाही. वृद्धांना ती द्यायचीच असेल तर मात्रा तरुणांपेक्षा बरीच कमी असते. ती घरून घेऊन निघण्याऐवजी दवाखान्यात, देखरेखीखाली घेतलेली बरी.

दुसरा मार्ग नायट्रस ऑक्साइडचा. वेल्सने हुंगला तोच हा वायू, पण आता तो प्राणवायूत मिसळून नाकावरील मुखवट्याने देतात. माणूस जागा राहतो, बोलतो, फक्त भय ओसरते. वायू बंद करून शुद्ध प्राणवायू दिला की काही मिनिटांत परिणाम उतरतो, म्हणून अनेक वृद्धांना हा मार्ग सोयीचा पडतो. नाक चोंदलेले असल्यास, फुप्फुसाचा तीव्र विकार असल्यास, बी-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असल्यास मात्र तो चालत नाही. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो जिरेपर्यंत हा वायू मुळीच घेऊ नये, दृष्टी जाऊ शकते.

तिसरा मार्ग शिरेतून औषध देण्याचा. त्यात बहुधा मिडाझोलाम थोडे थोडे, परिणाम पाहत देतात. हे काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे. वयस्कर आणि अनेक विकार असलेल्या रुग्णासाठी भूलतज्ज्ञ हजर असावा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाची वारंवार तपासणी, हाताशी प्राणवायू आणि श्वासाला मदत करण्याची साधने असल्याशिवाय ते करू नये. त्यावर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण त्याचा प्रभाव लवकर ओसरतो आणि गुंगी पुन्हा येऊ शकते. त्यामुळे उतारा दिला म्हणून लगेच घरी जायचे नसते. जवळपास अशी सोय नसेल तर जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे, याची मला जाणीव आहे. तरीही अर्धवट सोयीत दिलेल्या पूर्ण गुंगीपेक्षा तो प्रवास बरा.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

रोजच्या सगळ्या गोळ्या, पातळ औषधे, मलमे एका पिशवीत घालून ती पिशवीच दवाखान्यात न्यावी. नावे आठवत बसू नये. त्यात रात्रीची झोपेची गोळी आहे का, सर्दी-खाजेचे झोप आणणारे औषध आहे का, सांधेदुखीसाठी ट्रामाडॉलसारखे औषध आहे का, हे विशेष पाहावे. ही औषधे एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, तोंडातील बुरशीसाठी दिले जाणारे फ्लुकोनाझोल, रक्तदाबासाठी दिले जाणारे डिल्टियाझेम यांच्यामुळे मिडाझोलाम शरीरात अधिक काळ टिकते.

दारूविषयी तर स्पष्टच लिहितो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे मोहाची घेणारा माणूस डॉक्टरांपुढेही ते नाकारतो. दारू आणि शामक औषध एकत्र आल्यास श्वास थांबू शकतो. डॉक्टर पोलीस नाहीत. घरच्यांसमोर सांगणे अवघड असेल तर एकांतात सांगा, पण सांगा.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. घरातील कोणाला तो असेल तर गुंगीपूर्वी सांगणे आवश्यक आहे, कारण अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू थोडाही कमी होऊ देता येत नाही.

रोजची झोपेची गोळी भीतीपोटी एकाएकी बंदही करू नका. दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात. त्या रात्री ती घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. मधुमेहींनी किती वेळ उपाशी राहायचे आणि त्या सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

शेजाऱ्याची, जावयाची, मागच्या वर्षीची उरलेली गोळी घेऊ नये. डायझेपाम आणि अल्प्राझोलाम ही औषधे २०१४ पासून 'अनुसूची एच-१' मध्ये आहेत. ती विकताना औषध दुकानदाराला डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवावे लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. कायद्याने एवढी काळजी घेतलेली गोळी आपण उसनी घेऊ नये.

घरच्यांसाठी

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, गोळीचा हिशेब दुसऱ्या सकाळपर्यंत करा. परतताना रुग्णाला दुचाकीवर मागे बसवू नका. मध्ये बसविले तरी डुलकी लागली की तोल जातो. काळी-पिवळीत किंवा एसटीत, खिडकीशी, शेजारी आपण बसून आणा. घरी आल्यावर डोके किंचित उंच ठेवून झोपवा. बधिरपणा आणि गुंगी उतरेपर्यंत खायला देऊ नका, घास ठसक्याने श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि ओठ-जीभ चावली जाऊ शकते. चोवीस तास वाहन, चूल, विहीर यांपासून दूर ठेवा. पैशाच्या किंवा शेतीच्या कागदावर सही घेऊ नका.

आणि रात्री शेजारी झोपा. दिवा मंद का होईना, चालू ठेवा. लघवीचे भांडे खाटेजवळ ठेवा. उठायचे झाल्यास आधी दोन मिनिटे खाटेवर बसवा, मग हात धरून उभे करा. हाक मारूनही नीट उत्तर येत नसेल, श्वास घरघरत किंवा थांबत थांबत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

आता दाढेसाठी कोणाला गोळी लिहून द्यावी लागली, तर मी सोबत आलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतो: आज रात्री यांच्याजवळ कोण झोपणार? उत्तर मिळेपर्यंत मी चिठ्ठी लिहीत नाही. आपल्या घरातही हा प्रश्न गोळीच्या आधी विचारला जावा, एवढीच अपेक्षा.